थिजलेलं तेल, तहानलेला पंप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या हर्णेला थंडी पडते असं म्हटलं की दापोलीची माणसं हसतात. त्यांचंही बरोबरच आहे. दापोलीत एखाद्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. हर्णे तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पण समुद्राच्या काठाला. आमच्याकडे हवामान खात्याची वेधशाळा आहे, आणि तिथला हिवाळ्यातला किमान आकडाही बरेचदा २०च्या आसपास असतो. स्वेटर आमच्याकडे हौसेने घालतात.

तरीही डिसेंबरातल्या सकाळी आमच्या घरी एक काम ठरलेलं असायचं. आंघोळीच्या आधी आई खोबरेल तेलाची बाटली अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवायची. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. बाटली उलटी केली तरी थेंब खाली येत नाही. मी घाईने काडी घालून ढवळायचो, बाटली दाबायचो, आणि आई म्हणायची, "अरे, बाटली फोडशील. तिला काय झालंय? तेल गारठलंय, तेवढंच."

पुढे मी हायड्रॉलिक मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक झालो. या धंद्यात वीसहून जास्त वर्षं काढली. आईचं ते वाक्य मला वेळेवर आठवलं असतं, तर एका माणसाच्या पायाची दोन बोटं आज जागेवर असती. ती हकीकत सांगायलाच मी इथे आलोय.

हर्णेच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर कोळंबी, पापलेट, सुरमईचे ढीग, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या आणि बर्फ फोडणारी पोरं. पर्यटक तिथपर्यंत पाहतात आणि घरी जातात. मासळीचा प्रवास मात्र पुढे चालू राहतो. तिच्यातली बरीचशी गोठवण्याच्या कारखान्यात जाते. तिथे उणे ३५-४० अंशांत ती झटक्यात गोठवतात, आणि मग उणे १८ किंवा त्याहून थंड गोदामात महिनोन् महिने ठेवतात. या गोदामात मालाची थप्पी लावायला माणसाचे हात पुरत नाहीत. तिथे फोर्कलिफ्ट लागते.

म्हणजे बाहेर कोकणातला घाम, आणि दाराच्या आत लडाखचा हिवाळा. आमचं मशीन दिवसातून पन्नास वेळा या दोन ऋतूंमधून ये-जा करतं.

फोर्कलिफ्ट उचलते कशी, ते दोन वाक्यांत सांगतो. टाकीतलं तेल पंप ओढतो आणि दाबाने सिलिंडरमध्ये ढकलतो. सिलिंडरचा दांडा वर सरकतो, त्याच्याबरोबर साखळी ओढली जाते आणि फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी काटे, माल घेऊन वर जातात. खाली येताना पंपाचं काही काम नसतं. लिव्हर दाबला की वाट मोकळी होते, आणि फोर्कच्या नि मालाच्या वजनानेच तेल परत टाकीत येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यात काम करतं ते तेल. आणि तेलाला नंबर असतो. डब्यावर आयएसओ व्हीजी ३२, ४६, ६८ असं लिहिलेलं दिसेल. हा आकडा म्हणजे ४० अंश तापमानाला ते तेल किती दाट आहे त्याचं माप. खरी गोम ४० अंश या शब्दांत आहे. ६८ नंबरचं साधं तेल शून्य अंशाला दहा पटींहून जास्त दाट होतं. उणे २०ला तर ते काकवीसारखं सरकतं. आमच्या भागात बाहेर काम करणाऱ्या मशीनला ६८ नंबर चालून जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी स्टोअरमध्ये एकच पिंप असतं आणि सगळ्यांना तेच तेल पाजतात. पाहुणा कोण आहे हे न बघता सगळ्यांना एकाच चवीचं कालवण वाढण्यातला हा प्रकार.

आता २००५ सालच्या ऑगस्टकडे येतो. मासेमारीची पावसाळी बंदी संपून हंगाम नुकता सुरू होत होता. कोकणातल्याच एका कारखान्यातून मला बोलावणं आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. दोष त्यांच्यापेक्षा माझाच जास्त होता. मशीन बॅटरीवरचं. तक्रार अशी, की सकाळी बाहेर धक्क्यावर फोर्क नीट उचलते. गोदामात तासभर काम केलं की कण्हायला लागते, झटके देत वर जाते, भरलेलं पॅलेट अर्ध्यावर थांबवते.

मी आवाज ऐकला. पंप ओरडत होता, जात्यात खडे पडल्यासारखा. मी मान डोलावली आणि मालकांना म्हटलं, "शेठ, पंप गेला." तेव्हा माझं वय तिशीच्या आत. मेकॅनिकने पटकन सांगितलं तर लोकांना तो हुशार वाटतो, ही खोड मलाही होती.

इथे मी जरा थांबतो, कारण हीच चूक मी नंतरच्या वीस वर्षांत इतरांना शंभर वेळा करताना पाहिली आहे. पंप झिजला की त्याच्या आतल्या फटी वाढतात. त्या फटींतून तेल मागे निसटतं. तेल जितकं पातळ, तितकं जास्त निसटतं. म्हणजे झिजलेला पंप कधी हरेल? तेल तापून पातळ झाल्यावर, भर दुपारी, चार तास राबल्यावर. थंडीत दाट तेलामुळे तो उलट बरा चालतो. म्हातारा पंप उन्हात थकतो. जो पंप थंडीत ओरडतो, तो म्हातारा नसतो, तो तहानलेला असतो. त्याला टाकीतून तेलच मिळत नसतं. ओढून ओढून त्याच्या तोंडाशी पोकळी तयार होते, त्यात बुडबुडे होतात, आणि ते पुढे दाबाखाली फुटतात. तोच खड्यांचा आवाज. तसंच दामटत राहिलं तर ते फुटणारे बुडबुडे चांगल्या पंपाचं लोखंडसुद्धा पोखरतात. मग तो खरोखरच जातो, आणि मेकॅनिक म्हणतो, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

मशीन बाहेर बरं आणि आत आजारी, एवढी एक खूण पंपाला निर्दोष सोडायला पुरेशी होती. मी ती ऐकली आणि सोडून दिली.

नवा पंप आला. बसवला. धक्क्यावर चालवून दाखवला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी आत तेच कण्हणं. आता मालकांसमोर तोंड कसं दाखवायचं? मग मी दुसरी चूक केली. प्रत्येक फोर्कलिफ्टला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो तेलाला टाकीची वाट दाखवतो. मशीनच्या क्षमतेपेक्षा जास्त वजन उचललं जाऊ नये आणि पाइप फुटू नयेत, यासाठी तो राखणदार बसवलेला असतो. मी त्याचा स्क्रू पाना लावून दोन फेरे आवळला. मीटर लावला नाही, मोजलं नाही. उचल थोडी सुधारली. मी बिल घेतलं आणि हर्णेला आलो.

चौथ्या दिवशी परत फोन. या वेळी मशीन रात्रभर गोदामाच्या आतच उभं राहिलं होतं. रिकामे फोर्क माणसाच्या कमरेच्या वर अडकून बसलेले, लिव्हर दाबला तरी खाली येईनात. मी सीटवर बसलो आणि लिव्हर खाली दाबून धरला. काही नाही. माझ्याबरोबर एक मदतनीस होता, आमच्याच गावचा, एकोणीस-वीस वर्षांचा. मी त्याला म्हटलं, "जरा पुढून बघ रे, पाइप कुठे चेपलाय का." तो वाकून मास्टजवळ गेला. लिव्हर माझ्या हातात दाबलेलाच होता.

फोर्क खाली आले. उजव्या पायावर. गमबूट होता, पण आत लोखंडी टोपण नव्हतं. त्याने "दादा" एवढीच हाक मारली. त्याच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

त्याला दवाखान्यात पोचवून संध्याकाळी मी परत त्या मशीनपाशी गेलो आणि जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. टाकीच्या तळाचा नट सोडला. तेल यायच्या आधी बर्फाचा चिखल आला, आणि त्याच्यामागून ताकासारखं पांढरट तेल.

पंपाच्या तोंडाशी टाकीत तारेच्या जाळीची एक गाळणी असते. ती त्या बर्फाने लिंपून गेली होती. म्हणून पंप तहानलेला. फोर्क उतरण्याचा वेग आवरणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या बारीक वाटेतही पाणी जाऊन गोठलं होतं. म्हणून फोर्क अडकले. रिकाम्या फोर्कचं वजन ते कण मोडायला पुरत नव्हतं. मी लिव्हर धरून बसल्यावर कधीतरी तो बर्फ मोडला, आणि वाट एकदम मोकळी झाली.

बंद टाकीत पाणी आलं कुठून? कुणी ओतलं नव्हतं, छपरातून गळत नव्हतं. ते हवेतून आलं. फोर्क वर जाताना टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये जातं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरची हवा शिरते. खाली येताना ती हवा बाहेर पडते. मशीन श्वास घेतं म्हणा ना. त्या वाटेवरच्या टोपणाला आम्ही ब्रीदरच म्हणतो. समजा, एका उचलीत १० लिटर हवा आत आली. धक्क्यावर अशा १०० उचली झाल्या, तर १००० लिटर, म्हणजे एक घनमीटर हवा. ३० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी बाळगून असते. आपल्या ऑगस्टात २५ ग्रॅम तरी धराच. मशीन तसंच गोदामात गेलं की टाकीची भिंत गार पडते आणि त्या हवेतलं पाणी दव होऊन आतून ओघळतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. सगळं आत राहत नाही, काही श्वासाबरोबर परत जातं. निम्मं राहिलं म्हटलं तरी महिन्याला दोन-तीन वाट्या पाणी झालं. त्यात हे मशीन बंदीच्या काळात दोन महिने उघड्या शेडमध्ये पावसाळी हवा खात उभं होतं.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे कोकणातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेलाच्या टाकीचीही तीच गत होईल, हे मला सुचलं नाही.

पाणी ओळखायची परीक्षा साधी आहे. थोडं तेल काचेच्या बाटलीत काढा आणि एक-दोन तास हलवू नका. पांढरेपणा खालून वर निवळत गेला तर तेलात हवा आहे. तेल कमी असेल किंवा ओढणाऱ्या पाइपचा क्लिप सैल असेल. पांढरेपणा तसाच राहिला तर पाणी. खात्री करायची तर तवा चांगला तापवून एक थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडेल. एकच थेंब, डोळ्यांवर चष्मा लावून, उघड्यावर, आणि तो तवा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. आमच्या घरचा एक तवा यात गेला, त्याबद्दल बायको अजून बोलते.

त्या मशीनचं तेल आम्ही दोनदा बदललं, कारण पहिल्या खेपेला सिलिंडरात उरलेलं पाणी खाली येतं. थंडीसाठी मिळणारं पातळ तेल भरलं. ब्रीदरच्या जागी ओल शोषणाऱ्या दाण्यांचा ब्रीदर लावला. दाण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे. रिलीफ व्हॉल्व्ह मीटर लावून पुन्हा मूळ दाबावर आणला. मशीन रात्री आत ठेवणं बंद झालं.

थंडीत फोर्क अडकला तर आधी साखळीकडे बघा, तेही लांबून. साखळी ताठ असेल तर तेल अडकलंय. साखळी सैल पडली असेल तर मास्टच्या खाचेत ग्रीस किंवा बर्फ दाटून फोर्कच अडकलाय, आणि हे जास्त भयंकर, कारण त्याला धरून ठेवायला तेलही नाही. दोन्ही वेळेला पुढे कुणी जायचं नाही. किल्ली काढायची, फोर्कच्या चौकटीखाली जाड लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यायचा, मगच हात घालायचा. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, मला माहीत नव्हतं असं नाही.

बॅटरीचंही एक सांगायला हवं. थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते, आणि मग मोटरच मंद फिरते. लोक तेलाला दोष देतात. सकाळी चार्ज केल्यावर ठीक आणि दुपारी मंद असेल तर आधी बॅटरी तपासा. आणि थंडीत सिलिंडरच्या सीलमधून तेल पाझरतं, गरम झाल्यावर थांबतं. रबर कडक झाल्यामुळे होतं ते. थांबलं म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या थंडीत ते वाढलेलं असतं.

खरी थंडी मी पाहिली ती २०१८ सालच्या जानेवारीत. काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यात लस्सीपोरा नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथे सफरचंदांची मोठी शीतगृहं आहेत. चिल्ला-ए-कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस चालू होते. गंमत अशी, की सफरचंदांच्या खोल्या शून्याच्या जरा वर ठेवलेल्या, आणि बाहेर पहाटे उणे सहा-सात. माणसं ऊब घ्यायला शीतगृहात जात होती! डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट रात्रभर उघड्यावर उभी राही. सकाळी अर्धा तास पंप किंचाळायचा, नंतर दिवसभर मशीन मुकाट काम करायचं. मालक नवा पंप मागवायच्या बेतात होते. ड्रायव्हरने टाकीखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायला सुरुवात केली होती.

मी पहिली शेगडी बाहेर काढायला लावली. मग एकच प्रश्न विचारला, "हे होतं कधी?" फक्त सकाळी, आणि तेल तापलं की जातं. तवा लागलाच नाही. बाटलीतलं तेल स्वच्छ होतं. तिथली थंडी कोरडी. पाण्याचा प्रश्न नव्हता, तेल ६८ नंबरचं होतं, बस्स. पातळ तेल भरलं, आणि मशीन रात्री शेडमध्ये भिंतीच्या आडोशाला ठेवायला सांगितलं. सकाळी इंजिन चालू करून दहा मिनिटं हळू फिरू द्यायचं. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, त्याने तहानलेला पंप आणखी ओढतो. मग रिकामे फोर्क जमिनीलगत थोडे वर-खाली, मास्ट थोडा पुढे-मागे, असं पाच-सात वेळा. आपली आजी सकाळी उठल्याबरोबर हंडा उचलत नाही. आधी पाय मोकळे करते, तसं. दुसऱ्या दिवशी पंप गप्प होता. मालकांनी सफरचंदांची पेटी दिली, ती मी दापोलीपर्यंत सांभाळून आणली.

२००५ साली मी काढून टाकलेला तो जुना पंप कारखान्याने भंगारात घातला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांच्याच धक्क्यावरच्या दुसऱ्या मशीनला मी तो बसवला. उत्तम चालला. नव्या पंपाचे पैसे मी कारखान्याला हप्त्यांनी परत केले. त्या मदतनिसाच्या औषधपाण्याचा खर्च मी आणि कारखाना असा दोघांनी केला. तो परत मशीनच्या कामावर आला नाही. आता हर्णेच्या बंदरावर त्याचा बर्फाचा धंदा आहे, लिलावाच्या वेळी तिथे असतो. दिवसभर वाळूत उभं राहून पाय दुखतो म्हणून प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. मी गेलो की ती मला देतो आणि स्वतः लादी फोडायला उठतो.